ओठ मिटले, गाणं चालूच

हळद शिजायला लागली की आमच्या अनसिंगची हवाच बदलते. शेताच्या धुऱ्यावर लोखंडी कुकर उभे राहतात. खाली तुराट्यांचा जाळ, वर पांढरी वाफ. ओली माती, आलं आणि जळकं लाकूड एकाच पातेल्यात उकळायला घातलंय, असा वास. शिजलेली हळद ताडपत्र्यांवर पसरतात, आणि ती वाळेपर्यंत गावाचे तळहात, सदऱ्यांच्या बाह्या, मोटरसायकलच्या मुठी सगळं पिवळं होऊन बसतं. याच दिवसांत भीमजयंती येते. पिवळ्या गावात निळे झेंडे लागतात. दिसायला फार छान दिसतं.

मला मात्र वर्षभरापासून हा वास आला की कानशिलं तापतात. मागच्या वर्षी याच वासात मी एका माणसाला पाणी पिता पिता गाताना पाहिलं.

झालं असं, की ज्याची गाणी आमच्या भागातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर वाजतात तो रॅपर आमच्या मैदानात स्टेजच्या मधोमध उभा होता. त्यानं पाण्याची बाटली उघडली, तोंडाला लावली, मान मागे टाकली. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना मला स्पष्ट दिसली. आणि त्याच वेळी स्पीकरमधून त्याचाच आवाज, शब्दावर शब्द, एकदाही न अडखळता धावत होता. त्यानं बाटली खाली ठेवली, झाकण लावलं, माइक तोंडाजवळ नेला आणि पुन्हा ओठ हलवायला लागला. गाण्याला काडीचा फरक पडला नाही.

मी शेजारच्या गड्याला कोपरानं ढोसलं. "पाह्यलं का?"

"काय?"

"थो पाणी पेला!"

"मंग? तहान नाही लागत का माणसाले?"

मी उभाच राहिलो. माझे पाय आपोआप उभे राहिले म्हणा. मागून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, बसा ना खाली! व्हिडिओत तुमची पाठ येऊन राह्यली!"

माझा धंदा जुन्या मशिनींचा आहे. पाण्याच्या मोटरी, मळणीयंत्रं, हळदीचे कुकर, हळद घासायचे ड्रम. बाप दुसऱ्याच्या शेतात राबला. मी वाशीमला एका दुकानात मोटरींना तांब्याची तार गुंडाळत शिकलो आणि आज रस्त्याला लागून माझं स्वतःचं यार्ड आहे. हे मी फुशारकीनं सांगत नाही. एवढ्यासाठी सांगतो, की मी आयुष्यात कोणतीही मशीन चालू केल्याशिवाय घेतली नाही. विकणारा म्हणतो, "भाऊ, कालच चालवली." मी म्हणतो, काल मी नव्हतो. मग वायर जोडायची, बटण दाबायचं, पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आत घरघर असली की ती हाडातून कळते. विकणाऱ्याचं तोंड कितीही गोड असो, हाड खोटं बोलत नाही. सौद्याला बसलो की मी दोन दोन तास उठत नाही. आवाज चढतो, समोरचा उठून जातो, फाटकापासून परत येतो. लोक मला कटकट्या म्हणतात, पण सौदा करायचा असला की मलाच बोलावतात.

म्हणून तर उत्सवाची मंडळी माझ्याकडं आली होती.

"भाऊ, पोरं आयकून नाही राह्यले. यंदा रॅपरच पाह्यजे म्हणतात," अध्यक्ष म्हणाले. "बोलणं तुमी करा. तुमच्यासारखा भाव पाडून घेणारा तालुक्यात कोणी नाही."

ही स्तुती ऐकून फुगलो, हे कबूल करतो. यार्डातल्या उलट्या पडलेल्या ड्रमवर बसून मी रॅपरच्या मॅनेजरला फोन लावला. आवाज पुण्याकडचा, मऊ, साय धरलेल्या दुधासारखा.

"सर, दोन प्रकारे करता येईल," तो म्हणाला. "बँडसोबत आलो तर सात माणसं वाढतील. ट्रॅकवर आलो तर दादा, एक साथीदार आणि मी."

"ट्रॅक म्हणजे वाजवणं रेकॉर्डचं?"

"हो सर. एकदम प्रोफेशनल असतं."

"मंग वाजवणारे सात जण कायले पाह्यजेत? कटवा त्यायले."

सात माणसांच्या खोल्या कटल्या, जेवण कटलं, गाडी कटली. वर मी ठणकावलं, की दादा दोन तास स्टेजवर दिसले पाहिजेत, आणि त्यांच्या आधी माझ्या मुलीला दहा मिनिटं मिळाली पाहिजेत. तो म्हणाला, "नक्की सर." लगेच म्हणाला. खरं तर तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. समोरचा जेव्हा एका झटक्यात हो म्हणतो तेव्हा माल बाद असतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. पण मी पुढचा आठवडाभर चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, एसटी स्टँडवर सांगत हिंडलो, की मी बँड कसा उडवला.

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वाशीमला कॉलेजात, रोज एसटीनं जाणं-येणं. ती वऱ्हाडीत रॅप लिहिते. आधी मला वाटायचं ही अभ्यास पाठ करते. तव्यावर पोळी टाकायची आणि तोंडानं टक टक टक टक काहीतरी चालू. तिची आई ओरडायची, "हे पोट्टी बडबडून राह्यली अन् पोळीचा कोळसा होऊन राह्यला!" त्या रॅपरची तर तिला गाणीच्या गाणी पाठ. लहानपणी आम्ही पाढे म्हणायचो तशी ती म्हणायची. तिच्याच दहा मिनिटांसाठी मी तो सौदा अंगावर घेतला होता. बाकीचं सगळं गावासाठी.

आता गावातल्या जुन्या माणसांना गायन पार्टी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण पोरांना सांगावं लागतं. आमच्या लहानपणी जयंतीला पार्टी यायची. मेडशीकडून एक बाई यायच्या, चंद्रभागाबाई. मांडीवर पेटी, मागे ढोलकी, कोरसला दोघं-तिघं. समोर दुसरी पार्टी. हिनं गाण्यात सवाल टाकायचा, त्यानं गाण्यातच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर समोरचा पेटी नुसतीच वाजवत बसायचा आणि आम्ही पोरं टाळ्या पिटून त्याचा जीव घ्यायचो. एखादी ओळ कोणाला भिडली की तो माणूस उठून बक्षीस द्यायचा. चंद्रभागाबाई भर गाण्यात थांबायच्या, त्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, सगळं घ्यायच्या, आणि मग तुटलेली ओळ जिथं तुटली होती तिथूनच उचलायच्या. एकदा ढोलकीवाला डुलकी खात होता. बाईंनी ओळ सोडली आणि माइकमध्येच म्हणाल्या, "काहून रे, जेवण जास्त झालं का?" मैदान लोळलं. ढोलकी अशी कडाडली, की नंतर मला कित्येक दिवस ऐकू येत होती.

मला वाटलं होतं, रॅप म्हणजे हेच. वाजवणं मशीनचं असेल, पण बोलणारा माणूस खरा असेल. सगळं शब्दांवरच तर आहे. सूर नाही, आलाप नाही. एक माणूस समोर उभा राहतो आणि तोंडानं बोलतो. त्यातलं तोंडच काढून घेतलं तर उरतं काय?

त्या संध्याकाळी काय काय झालं, ते क्रमानं सांगतो. सातची वेळ होती. मेडशीहून, मंगरूळपीरहून पोरं मोटरसायकलींवर तिघं तिघं बसून आली होती. बायका लवकर स्वयंपाक उरकून, लेकरांना नवे कपडे घालून समोर चटया टाकून बसल्या होत्या. साडेसात झाले, आठ झाले. गाडी आली नाही. दहाला आवाज बंद करायची परवानगी, हे मॅनेजरलाही माहीत होतं. प्रज्ञा स्टेजच्या पायरीशी निळा कुर्ता घालून उभी होती आणि दर पाच मिनिटांनी ओढणी सारखी करत होती. नऊच्या सुमारास गाडी आली. मॅनेजर उतरला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "ओपनिंग कॅन्सल. वेळ नाहीये." माझ्याकडं पाहिलंही नाही. प्रज्ञा शांतपणे पायरीवरून बाजूला झाली. मी तिला शोधायला वळलो, तर ती गर्दीत जाऊन आईजवळ बसलीसुद्धा होती.

मग दादा आले. पहिलं वाक्य म्हणाले, "काय म्हणतंय अकोलाSS! आवाज!"

माझ्या मागचा म्हणाला, "बाप्पा, हा अनसिंगले अकोला समजून राह्यला."

दुसरा म्हणाला, "जाऊ दे ना बे. जवळच हाय."

आणि सगळे "होSS" करून ओरडले.

त्या साथीदाराचं काम काय, ते मला आजपर्यंत कळलं नाही. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तो ओरडायचा. मधे मधे "हात वर! हात वर!" करायचा. आम्ही हात वर करायचे, आम्ही उड्या मारायच्या, आम्ही मोबाइलचे दिवे लावायचे. काम सगळं आमच्याकडं. गाण्यातली अवघड जागा आली, की दादा माइक लोकांसमोर धरायचे, म्हणजे तीही आम्हीच म्हणायची. गाणं एक कडवं झालं की तुटायचं आणि दुसरं लागायचं. ट्रॅक्टरवर ऐकताना ज्या ओळीसाठी पोरं आवाज वाढवतात ती ओळ यायच्या आतच गाणं संपलेलं. आणि खालचा तो धबधब आवाज असा, की बरगड्या हलत होत्या, पण शब्द एक कळेल तर शपथ. समोर चटईवरच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "काय म्हणते वो थो?" कोणालाच माहीत नव्हतं. घरी कानात वायर घालून जे शब्द लखलखीत ऐकू येतात ते प्रत्यक्ष माणूस समोर असताना ऐकू येत नव्हते. हे मला अजून पटत नाही. कुकर विकत घ्यायचा आणि हळद घरी चुलीवर शिजवायची, तसला प्रकार.

मग ते पाण्याचं झालं.

त्यानंतर मी गाणं ऐकलंच नाही, फक्त त्याचे ओठ पाहत बसलो. एकदा तो वाकून पोरांशी हात मिळवत होता, आवाज चालू. एकदा टोपी काढून केस नीट केले, आवाज चालू. मधूनच कधी कधी तो खरं म्हणायचा. तेव्हा दोन आवाज यायचे, एक मागून धापा टाकत पळणारा आणि एक पुढं निवांत चालणारा. धापा टाकणारा खरा होता. तेवढाच मला आवडला.

दोन तास ठरले होते, तासही पुरा झाला नाही, आणि त्यातला बराचसा फोटोंत गेला. मी स्टेजच्या मागं गेलो. मॅनेजर वायरी गुंडाळत होता. "हे काय चालवलं तुमी?" मी ओरडलो. "माणूस गाऊन नाही राह्यला. रेकॉर्ड लावून ओठ हालवून राह्यला! असं कुठी ठरलं होतं?"

तो दचकलाही नाही. "सर, ट्रॅक शो ठरला होता."

"वाजवणं ट्रॅकचं! तोंड नाही!"

"ट्रॅकवर दादांचा आवाज असतोच सर. सगळ्यांचा असतो." मग तो थांबला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि आवाज मुळीच न चढवता म्हणाला, "बँड असता ना, तर दादांना स्वतःच म्हणावं लागलं असतं. बँडसोबत ते खरंच म्हणतात, फार छान म्हणतात. बँड तुम्हीच काढलात."

आयुष्यात सौद्यात असा मी कधी उताणा पडलो नव्हतो. त्या मशिनीत जो एकमेव चालता भाग होता तो मीच घासाघीस करून काढायला लावला होता, आणि आठवडाभर त्याचाच ढोल पिटत हिंडलो होतो. मॅनेजरनं फसवलं, हे मी आजही म्हणतो. त्यानं सांगायला पाहिजे होतं. पण मी विचारलं नव्हतं, आणि न विचारता माल घेणाऱ्याला मी स्वतः काय म्हणतो, हे मला माहीत आहे.

मला वाटलं, आता लोक चिडतील. खुर्च्या फेकतील. मंडळाला जाब विचारतील. मी जवळजवळ त्याची वाटच पाहत होतो. पण माणसं हसत-बोलत घरी निघाली होती. "लय भारी झालं भाऊ!" एक जण मला म्हणाला. "माह्या पोराचा त्याच्यासंग सेल्फी आला." मी त्याला सांगितलं, अरे, तो गातच नव्हता. तो म्हणाला, "आला तं होता ना!" या उत्तरानं मला जितका धक्का बसला तितका मॅनेजरच्या उत्तरानंही बसला नव्हता. दहा रुपयांची कोथिंबीर घेताना देठ मोजणारी आमची माणसं. आणि इथं रिकामं पोतं घेऊन खूश!

खरा धक्का अजून बाकी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा गच्चीवर कुरडया उलटत होती. ऊन चढायचं होतं. मी वर जाऊन तणतणायला लागलो. तुझा तो दादा असा, त्याचा मॅनेजर तसा, तुझी दहा मिनिटं खाल्ली, वर ओठ हलवून गेला. ती कुरडया उलटत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"थे आवाज लावून म्हणतात थे. सगळेच करतात. मोठमोठे करतात." आणि तिनं मला समजावून सांगितलं, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. गाणं रेकॉर्ड करताना ते तुकड्या-तुकड्यानं करतात. एक ओळ म्हणायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढची म्हणायची. मग मशीनवर तुकडे असे जोडायचे, की मधली श्वासाची जागाच राहत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, काय दम आहे माणसात! पण ते एका दमात म्हणणं कोणाच्याच बापाला शक्य नसतं, ज्यानं लिहिलं त्यालाही नाही. "मंग स्टेजवर काय करन थो?" प्रज्ञा म्हणाली.

"अन् तू?" मी सहज विचारलं. तिच्या बाजूनं बोलायचं म्हणून विचारलं. "तू तं खरंच म्हणणार होती ना?"

तिचा हात थांबला. "माह्या पेन ड्राइव्हमधीबी आवाज होता, बाबा."

मी तिथंच गच्चीच्या सिमेंटवर बसलो. माझी मुलगी. दहा मिनिटं ती उभी राहिली असती, ओठ हलवले असते, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या पिटल्या असत्या. मला कळलंही नसतं.

"काहून?" मी विचारलं.

"समोर किती मोबाइल असतात, पाह्यलं ना तुमी? एकदा अडकली तं थो व्हिडिओ जन्मभर फिरते. कॉलेजात, गाडीत, लग्नात. तुमच्या चंद्रभागाबाई अडकल्या तं लोक दुसऱ्या दिवशी भुलून जायचे. मले कोण भुलू देईन?"

मी तापट माणूस आहे. राग आला की मला पुढचं सुचतं. त्या दिवशी राग आलाच नाही, त्यामुळं काही सुचलं नाही. मी एक कुरडई उचलली आणि उलटी टाकली. ती आधीच उलटलेली होती.

वर्षभर मी लोकांशी त्या रॅपरबद्दल बोलत राहिलो आणि प्रज्ञाबद्दल एक शब्दही बोललो नाही. ज्या मोबाइलमध्ये पाठ येते म्हणून मला खाली बसवलं त्याच मोबाइलच्या भीतीनं गाणारा आपला आवाज घरी बंद करून येतो, हे मला यार्डात एकटं असताना सुचायचं. चूक दिसली नाही पाहिजे, एवढंच आता सगळ्यांना हवं असतं. पण मग त्या मैदानात माणूस कशाला यायचा? कुरिअरनं गाणाऱ्याची टोपी पाठवली तरी चालेल.

यंदा मंडळानं ठरवलं, बाहेरचा कोणी नको. अर्धा तास प्रज्ञाला. जयंतीच्या पंधरा दिवस आधी ती यार्डात आली. मी एका शेतकऱ्याशी मोटरीवरून भांडत होतो. तो जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बाबा, ट्रॅकमधी आवाज ठेवू का काढू?"

मी कोणत्याही गोष्टीवर मत देणारा माणूस. त्या दिवशी म्हणालो, "तुले जमन तसं कर." समोरच्याला हवा तो भाव सांगू दिला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. संध्याकाळी तिनं आईलाही विचारलं. आई भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "तोंड गहाण टाकलं का तुवं? बोल की मंग तोंडानं." मग माझ्याकडं पाहून, "तुमाले मोटरीतली घरघर कळते. पोरीची नाही कळली."

त्यानंतर तिच्या खोलीचं दार बंद. आतून टक टक टक, मग खोकला, मग पुन्हा तीच ओळ. वहीत ओळीच्या ओळी खोडलेल्या मी पाहिल्या. दम पुरत नाही म्हणून शब्द छाटत होती. वाचू दिलं नाही. कशावर लिहिलंय म्हटलं, तर "गावावर."

गेल्या आठवड्यात ती उभी राहिली. मैदानातली धग पायांना लागत होती, उजेड अजून होता. डीजेवाल्याकडं नुसता ठोका दिला होता, त्यात तिचा आवाज नव्हता. मोबाइल सगळे वर होते, मागच्या वर्षीइतकेच. पहिल्या मिनिटाला आवाज थरथरला. माझी मूठ इतकी आवळली होती, की शेजारचा म्हणाला, "भाऊ, कोणाले मारता?" मग तिचा आवाज जागेवर आला. खुंटा बसतो तसा पक्का झाला. एसटीतल्या भांडणावर, कॉलेजच्या फीवर, हळद घासणाऱ्या बायांच्या हातावर ती म्हणत गेली. बायका हसत होत्या. "काय म्हणते" असं कोणी कोणाला विचारत नव्हतं.

आणि दुसऱ्या गाण्यात तिनं म्हटलं,

"इकत घेतानी बाप म्हणे, 'हे तं निरा भंगार!'
दारात आणून पुसलं का मंग…"

आणि दम संपला. तोंड उघडं, आवाज नाही. ठोका तिच्याशिवाय पुढं चालत राहिला, धब धब, रिकामा. तिनं हात वर केला. डीजेवाल्यानं बंद केलं. एवढं मोठं मैदान, आणि झेंड्यांची फडफड ऐकू येत होती. शेकडो मोबाइल तिच्यावर. ज्याची भीती होती तेच, तसंच, डोळ्यांसमोर. मी अर्धा उठलो. काय करणार होतो कोण जाणे. कोणाशी भांडणार होतो?

समोरच्या चटईवरून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मंग काय वो? सांग ना! बाप काय म्हणे मंग?"

सगळं मैदान हसलं. दुसरी म्हणाली, "दम घे माय, निवांत घे. आमी कुठी चाल्लो?"

प्रज्ञा हसली, माइकमध्येच. छाती भरून श्वास घेतला, तो स्पीकरमधून सगळ्यांनी ऐकला. आणि ठोक्याशिवाय, नुसती बोलल्यासारखी म्हणाली, "मंग म्हणे, 'माल हाय अंगार!'"

लोक माझ्याकडं वळून हसले. जे दहा वर्षांत माझ्यासमोर हसले नव्हते तेही हसले. तिची आई पदर तोंडात कोंबून हलत होती. मागून हाक आली, "पुन्हा! पुन्हा!" आणि माझ्या पोटच्या पोरीनं ते पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा. माझ्याच घरात, बंद दाराआड, पंधरा दिवस हे शिजत होतं.

काल सकाळी मेडशीचा एक शेतकरी हळद घासायचा ड्रम पाहायला आला. मी ड्रमवर हात ठेवून सुरू झालो, की असा पत्रा आता मिळत नाही, अशी जाळी जिल्ह्यात दुसरी नाही. त्यानं ऐकून घेतलं, ड्रमभोवती एक चक्कर मारली आणि मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, तुमी इकत घेतला तवा हे भंगारच होतं ना?"

माझं डोकं सवयीनं तापलं. शिवी ओठांपर्यंत आली. ती गिळून मी विचारलं, "तू होता का जयंतीले?"

"होतो ना. पार मांगं, रस्त्यावर. मोटरसायकलवरच बसेल होतो."

"तिथलोक आयकू आलं?"

त्यानं दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. हळू, बोलल्यासारख्या, एक शब्द इकडचा तिकडं न करता. आणि जिथं प्रज्ञाचा दम संपला होता, बरोबर तिथं तोही थांबला आणि त्यानं श्वास घेतला.